डमी अर्ज

"तीनला दहा कमी हायत. सूनबाई, जा आत, सही कर आन् अर्ज मागं घे," आण्णासाहेब म्हणाले.

तुळजापूरच्या तहसीलसमोर गाडी उभी होती. मागं त्यांची बायको मथुराबाई आणि सून दीपमाला. गावचं सरपंचपद यंदा महिलेला राखीव निघालं, म्हणून आण्णासाहेबांनी बायकोचा अर्ज भरला होता. छाननीत तो उडालाच तर पद घराबाहेर जायला नको, म्हणून सुनेचा डमी. गावातल्या आणखी दोघींनी अर्ज भरले होते. एकीच्या हातापाया पडून, दुसरीला दम देऊन ते सकाळीच मागं घ्यायला लावले. आता डमी गेला की मथुराबाई बिनविरोध. म्हणजे कारभार मागच्या पंधरा वर्षांसारखा आण्णासाहेबांचाच.

मथुराबाईंचं काय, बोट ठेवलं तिथं सही करायच्या. सून मात्र लई चिकित्सक! शाळा समितीत तिला घेतलं आणि न झालेल्या बैठकीच्या कागदावर सही मागितली, तर चार माणसांत म्हणाली, "बैठक कधी झाली, आण्णा?" असल्या बाईच्या हाती शिक्का गेला, म्हणजे झालंच की कल्याण.

दीपमाला उतरली. तिला सरपंच व्हायचंय, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं.

आत फक्त उमेदवारांनाच सोडत होते. आण्णासाहेब बायकोला हळूच म्हणाले, "तू बी जा. तिचा भरवसा न्हाय. सही होईस्तोवर हलू नको."

"व्हय," म्हणत मथुराबाई पदर सावरून गेल्या.

पाचच मिनिटांत दोघी बाहेर आल्या. दीपमालाचे डोळे भरले होते.

"झाली सही?"

"झाली," मथुराबाई म्हणाल्या. "पोच बी घेतलीय."

आण्णासाहेबांचा जीव भांड्यात पडला. सुनेचं रडणं बघून जरा वाईटही वाटलं. "पुढच्या खेपेला बघू गं," म्हणत त्यांनी गुलालाची पुडी सोडली आणि आधी स्वतःच्याच कपाळाला टिळा लावला.

साडेतीनला निवडणुकीच्या साहेबांनी व्हरांड्यात येऊन वाचून दाखवलं. एकच अर्ज शिल्लक. दीपमाला कृष्णराज जगदाळे, बिनविरोध.

आण्णासाहेब सुनेच्या अंगावर धावलेच. "घरात राहून घात केलास व्हय गं!"

मथुराबाई मधे उभ्या राहिल्या. "तिला कशाला बोलता? ती तर नको नको म्हणत व्हती. माझा अर्ज म्या मागं घेतलाय."