बोलावणं

धाकटीला कॉन्व्हेंटमध्ये जाऊन सिस्टर व्हायचं होतं. पण बाबांना पक्षाघात झाला, थोरल्या दोघी आपापल्या संसारात होत्या, आणि ती घरातच अडकली. रोज बाबांना आंघोळ घालून, भरवून झालं, की खिडकीचे गज धरून ती पुटपुटायची, "प्रभू, मला कधी बोलावणार?"

एकदा चहा घेऊन येताना दारातच तिला बाबांचा अडखळता आवाज ऐकू आला. "प्रभू, मला उचल. पोरीला मोकळं कर."

तिनं चहा बाजूला ठेवला. ती त्यांच्या उशाशी बसली. "बाबा, ही प्रार्थना पुन्हा नाही करायची. मला त्याचं बोलावणं आलंय."

बाबांचे डोळे भरले. "सुटलीस गं! कधी निघतेस?"

"निघायचं कुठे? याच खोलीत बोलावलंय त्यानं."