ना-हरकत

निदेशकांनी तिच्या परीक्षेच्या लोखंडी चौकोनाला काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि तो उजेडाकडे धरला. कुठंही फट दिसेना. "ताई, पोरांना दोन वर्षांत जमलं नाही ते तुम्ही केलंत," ते म्हणाले. आयटीआयच्या फिटरच्या वर्गात ती एकटीच बाई. नवरा साखर कारखान्यात कामावर असताना गेला. त्याच्या जागी तिला घ्यायचं, पण आधी ही परीक्षा द्यायची, असं ठरलं होतं. राहायला ती पोरांसह सासऱ्यांच्या, आबांच्या घरात.

तेवढ्यात दीर दारात आला. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक कागद.

"वहिनी, ना-हरकतीवर सही करा. जागा एकच आहे, मला हेल्पर म्हणून घेतायत. बाईमाणसानं कशाला लोखंड घासायचं?"

"आणि माझी पोरं?"

"आबा म्हणाले, सही केली की घर तुमचंच आहे."

नाही केली तर काय, हे त्यानं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. हाताचं काळं तेल पदराला पुसून तिनं सही केली.

तो गेल्यावर निदेशक हळूच म्हणाले, "ताई, चौकोनावर तुमचा परीक्षेचा नंबर ठोकायचा राहिलाय. त्याशिवाय मार्क देता येणार नाहीत."

"राहू द्या सर," ती म्हणाली. "कुणातरी पोराचा ठोका."