उरलेला तुकडा

बाबांच्या पायाच्या जखमेसाठी प्रयोगशाळेत विरघळणाऱ्या जाळीवर त्यांच्याच पेशी वाढवून कातडीचे दोन तुकडे केले होते. एक बसवला, तो रुजलाही. पण महिन्याभराने बाबा हृदयविकाराने गेले. दुसरा काचेच्या बशीत राहिला. तो नष्ट करायला माझी सही हवी होती.

"बाबांसारखाच चिवट निघाला, ताई," तिथल्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "पण यात ना केस, ना नस. जीव अडकवू नका."

लहानपणी बाहेरून आले की मी गार हात बाबांच्या मानेवर ठेवायचे. त्यांच्या अंगावर काटा यायचा. "कार्टे, जीव घेशील एक दिवस," म्हणायचे.

मी सही केली. बशीला हात न लावता मनातच म्हटलं, "बाबा, हात गार पडलेत माझे."

बशीतल्या कातडीवर काटा उभा राहिला.