मागचा दिवा

उजव्या मुठीने रेस धरून कमळाकरांनी डाव्या अंगठ्याने मोटरसायकलच्या इंडिकेटरचं बटण सरकवलं. हँडलजवळचा पिवळा दिवा लागला, पण लुकलुकला नाही. नुसता पेटून राहिला. मागचा लागला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांची मान मागे वळत नव्हती. गेली दहा-बारा वर्षं वळत नव्हती. उतरून मागे जावं, तर रेस सुटायची आणि जुन्या बॅटरीवरचा दिवा विझायचा.

घरातलं मोठं स्टीलचं ताट आणून त्यांनी पार्किंगच्या मागच्या खांबाला टेकवून ठेवलं होतं. गाडीच्या आरशातून त्या ताटात फक्त वरची ट्यूबलाइट दिसत होती.

रविवारचे दहा वाजले होते. चार वाजता कळंबोलीचा जुन्या गाड्या घेणारा माणूस गाडी न्यायला येणार होता. वरदने बंगळूरहून फोनवर सांगितलं होतं, "बाबा, चारही इंडिकेटर चालले तर गाडी ठेवा. नाहीतर त्याला चावी देऊन टाका. तुम्ही एकट्याने तशी चालवलेली मला चालणार नाही."

दोनदा जिन्यावरून कोणीतरी उतरलं. दोनदा कमळाकरांनी तोंड उघडलं, आणि "काय, बाजारात?" एवढंच विचारलं.

तिसऱ्यांदा पहिल्या मजल्यावरची भावना उतरली, हातात झारा घेऊन.

"काका, सगळा धूर माझ्या किचनमध्ये येतोय हो. पोह्यांना पेट्रोलची फोडणी बसली."

कमळाकरांनी घाईने इंजिन बंद केलं. "सॉरी. झालंच. म्हणजे, झालं नाही अजून."

ती वळली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिचा पाय पडला, तेव्हा ते म्हणाले, "जरा मागे उभ्या राहाल का? दोनच मिनिटं. मला दिसत नाही."

"एवढंच ना?" ओढणी नाकाला लावून ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. "हां, करा चालू."

तिसऱ्या किकला गाडी लागली.

"लागला?"

"नाही."

"आता? हा डावा."

"नाही हो. काका, मागचे दोन्ही मेलेत." मग तिने जीभ चावली. "म्हणजे, बंद आहेत."

कमळाकरांनी नेऱ्याच्या हरेश मेकॅनिकला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पुढचे लागतान ना? मंग मागं अर्थ मिळत नाय, काका."

"कशाला अर्थ नाही?"

"इंडिकेटरला वो! अर्थ. बॉडीचा अर्थ, म्हंजे अर्थिंग. मागं कलर मारलाय का तुमी?"

कमळाकरांनी मडगार्डकडे पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी इथेच बसून त्यांनी ब्रशने तो आकाशी रंग दिला होता. रंग त्यांच्या बायकोने, आशालताने निवडला होता. राहून जायला नको म्हणून त्यांनी नट काढून नटाखालीही दोन हात मारले होते.

"मारलाय. नटाखालीसुद्धा."

"झालं मंग! तितला खरवडा. लोखंड दिसू द्या."

पाना लावून त्यांनी नट सैल केला. पॉलिश पेपरने नटापुरताच, रुपयाएवढा गोल घासायला घेतला. त्याच्या बाहेर पेपर जाऊ देत नव्हते.

भावना अजून तिथेच होती. "म्हणजे नऊ वर्षं हे बंदच होते? अहो, काकू असताना तुम्ही दर रविवारी त्यांना घेऊन नेऱ्याला जायचात ना, भाजीला?"

"ती हात दाखवायची." कमळाकर घासतच होते. "मागून कोणी येत नाही ना ते बघायची, हात काढायची आणि माझ्या पाठीवर दोन थापा मारायची. मग मी वळायचो."

"उजवा हात? गेटपाशी?"

"हो. उजवीकडेच वळायचं ना."

भावनाने गेटकडे पाहिलं. "मला वाटायचं काकू मला टाटा करतायत. मी गॅलरीतून उलटा टाटा करायचे."

कमळाकरांचा हात थांबला. "ती म्हणायची, पहिल्या मजल्यावरची मुलगी फार प्रेमळ आहे."

नट परत आवळला. गाडी सुरू केली. रेस धरली.

"लागला!" भावना ओरडली. "गेला! लागला! गेला! काका, मस्त लुकलुकतोय! आता डावा... तोपण!"

वर पोहे करपत असतील म्हणून ती पळाली. आभार मानायचे राहिले. कमळाकरांनी वरदला फोन केला.

"चारही?"

"चारही."

"मागचे कोणी बघितले?"

"आहे... भावना म्हणून. तिने बघितले."

"बरं. मग त्या माणसाला नको म्हणून कळवतो. पण बाबा, वळताना मागे बघत जा."

"हो," कमळाकर म्हणाले.

त्यांनी ताट घरात नेऊन ठेवलं आणि भाजीची पिशवी हँडलला अडकवली. गेटपर्यंत गाडी हळूहळू आणली. बटण उजवीकडे सरकवलं. गेटच्या पांढऱ्या खांबावर पिवळा उजेड पडू लागला, जाऊ लागला. समोरचा रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता.

गाडी तिथेच उभी राहिली.

"लागलाय काका, इथून दिसतोय!" गॅलरीतून भावनाचा आवाज आला. "वळा ना!"

कमळाकरांचा एक पाय जमिनीवर होता. नेहमीसारखे ते टाकीला चिकटून बसले होते, मागची अर्धी सीट मोकळी सोडून. रेस धरून, पाठ ताठ ठेवून ते थांबले होते.