ताटातलं मीठ

ठमाबाईचा गोमा इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झाला, तेव्हा तिने गावदेवीला नारळ फोडला. राणीचं सरकार लहान मिठागरं बंद करणार होतं. गावाला वाटलं, आता साहेबाशी त्याच्याच भाषेत भांडायला आपला पोर आहे. गोमा ठाण्याला गेला, साहेबापुढे तासभर बोलला. साहेबाने मिठागराचं मनावर घेतलं नाही. उच्चार वाखाणले, कोणते कवी आवडतात विचारलं आणि तिथल्या तिथे नोकरी दिली. आज सकाळी नवी पगडी चढवून गोमानेच बांधावर हुकूम मराठीत वाचून दाखवला: मिठागर बंद, इथलं चिमूटभर मीठ उचललं तरी चोरी. दुपारी तो जेवायला बसला. ठमाबाईने रोजच्यासारखं ताटाच्या कडेला मीठ वाढलं. तिच्या नवऱ्याने वाकून ते बोटाने निपटलं, स्वतःच्या जिभेवर ठेवलं. "चोरीचा माल मी गिळला," तो पोराला म्हणाला. "आता तुमी जेवा, रावसाहेब."