ओठावरच्या मुंग्या

चाखणाऱ्या मावशीने शिंपल्यातला मऊ गर खालच्या ओठावर चोळला आणि डोळे मिटले. किनाऱ्यावर पन्नासेक माणसं रिकाम्या टोपल्या घेऊन उभी होती. आता पाव तास कोणी शिंकायचंसुद्धा नाही.

ओठाला मुंग्या आल्या तर शिंपल्यांत विष. मग काठीवरचं लाल फडकं तसंच राहायचं आणि किनारा बंद. तपासणीचा सरकारी कागद यायला आठ-आठ दिवस लागत. मावशीचा ओठ तिथल्या तिथे सांगे. तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. तीस वर्षांपूर्वी तिचा नवरा असेच शिंपले खाऊन गेला. आधी ओठ, मग बोटं, मग श्वास. शेवटपर्यंत शुद्धीत होता बिचारा. टकामका बघत होता, पण हूं की चूं करता येईना. ते विष शिजवून मरत नाही आणि त्याला उताराही नाही. तेव्हापासून मावशीने हे काम अंगावर घेतलं.

आज सकाळीच ती दाढ काढून आली होती. नात हट्टाने बरोबर गेली होती आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून तिने भंडावून सोडलं होतं.

"नसांमध्ये बारीक दारं असतात," डॉक्टरांनी तिला सांगितलं. "मिठातलं सोडियम त्यांतून आत शिरलं की दुखण्याचा निरोप पुढे जातो. या इंजेक्शनने ती दारं अडवली, म्हणून आजीला कळत नाही. तुमच्या शिंपल्यांचं विषही हेच करतं बरं का."

"अगोबाई!" मावशी अर्ध्या तोंडाने म्हणाली.

"पण हे दोन-तीन तासांत उतरतं. उतरताना ओठाला मुंग्या येतील, घाबरू नका."

किनाऱ्यावर, शिंपला उघडण्याआधी, सुनेने हळूच म्हटलंही होतं, "आई, आज राहू द्या ना. उद्या बघू."

"दाढ काढलीय, ओठ नाही काढला!" मावशीने फटकारलं. लोक हसले. तीन आठवडे किनारा बंद होता, सगळे अगदी टेकीला आले होते. आणि खरं सांगायचं तर, मावशीचा ओठ आज कामाचा नाही, हे चारचौघांत ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती.

दहाव्या मिनिटाला मुंग्या आल्या.

मावशीने खाडकन डोळे उघडले. मग डॉक्टर आठवले. सुनेच्या मनगटावरच्या घड्याळात तिने पाहिलं. इंजेक्शनला अडीच तास झाले होते. वेळ तर बरोबर जुळत होती. इंजेक्शन डावीकडे दिलं होतं आणि मुंग्या उजवीकडेही होत्या, पण ओठ एकच ना, सरकल्या असतील. सगळे तिच्या तोंडाकडे डोळे लावून बसले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "काढा ते फडकं."

एकच गलका झाला. बघता बघता टोपल्या भरल्या आणि दुपारी घराघरांतून शिंपले शिजल्याचा वास सुटला. मावशीला दाढेमुळे काही खायचं नव्हतं, ती नुसती दाराशी बसून राहिली. सुनेने नातीला वाढलं. पोरीने वाटी चाटूनपुसून साफ केली, वर आणखी मागून घेतलं. खाणारं लेकरू बघून मावशीला फार बरं वाटलं. उगाच घाबरलो आपण, ती मनात म्हणाली.

थोड्या वेळाने नात आली, आजीच्या मांडीत बसली आणि बोटाने आपला ओठ चाचपत हसायला लागली.

"आजी, गंमत! दाढ न काढताच माझ्या ओठाला मुंग्या आल्या."