आधी हसायचं

"मी खरंच पडलो ना, तर तू आधी हसायचं. तू हसलीस की लोकांना वाटेल, हे कामातलंच आहे."

चंद्रकांत हे म्हणाले होते ते जेवताना, आणि मुद्दाम जेवतानाच. चातुर्मासात मृणालिनीबाई मौन धरून जेवत. हुज्जत घालायची सोय नव्हती. कढी पानाबाहेर वाहायला लागली होती, म्हणून त्यांनी घाईने मान डोलावली. चंद्रकांतांनी तेच वचन धरलं. "मौनात दिलेला शब्द मोडत नाहीत हं," असं वर चिडवलंही.

आता कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या एका छोट्या थिएटरात दिवे लागले होते. पडद्यावर नुकताच चंद्रकांतांचा सगळ्यांत गाजलेला मूकपट संपला होता. मफलरवाला एक माणूस, म्हणजे ते स्वतःच, घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसतो, रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी येऊन तो पुन्हा भरून टाकते. माणूस गाडीला अदबीने नमस्कार करतो आणि घसरून पडतो. लोक डोळे पुसत हसले होते. मृणालिनीबाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. पडलेल्या माणसाला हसायचं नाही, हा त्यांचा नेम होता. चंद्रकांत त्यांच्यासाठी घरातही पडून दाखवत. खुर्चीवरून, बेसमेंटच्या जिन्यावरून, फरशीवर नसलेल्या केळीच्या सालीवरून. त्या हसत नसत. "हिचा चातुर्मास बारा महिने असतो," ते पाहुण्यांना सांगत.

सगळं जग बोलत असताना हा माणूस मुके सिनेमे का करतो, यावर इथल्या जाणकारांनी पुष्कळ लिहिलं होतं. खरं कारण घरात माहीत होतं. तरुणपणी इथल्याच एका नाटकात त्यांना एका शब्दाचं काम मिळालं होतं. वेटर दार उघडतो आणि म्हणतो, "वेलकम." इंग्रजीसारखे ओठ गोल न करता, खालचा ओठ दातांना लावून आलेला त्यांचा तो मराठी 'व' ऐकून तालमीत सगळे हसले. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा हसले. त्या संध्याकाळी घरी येऊन ते इतकंच म्हणाले होते, की तोंड बंद असलं की मी यांना आवडतो.

आणि या वसंतात मेंदूत रक्त साकळलं. हातपाय वाचले, वाचा गेली. उरला फक्त 'व'. चहा हवा, 'व'. देवातली समई विझली, 'व'. बायकोला हाक, तीही 'व'. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, हे त्यांनी खुणेने बजावलं होतं. मुलीने, ईशानीने, संयोजकांना एवढंच कळवलं की बाबा बोलणार नाहीत. संयोजक गंमत वाटून हसले. अर्थातच, म्हणाले.

पण सूत्रसंचालन करणारी मुलगी उत्साही निघाली. आम्ही तुमचा आवाज कधीच ऐकलेला नाही, फक्त एक शब्द, असं म्हणत तिने माइक मंचावर उभ्या चंद्रकांतांच्या हातात दिला.

नाही म्हणून मान हलवली असती तरी भागलं असतं. पण भरलेलं थिएटर समोर होतं, आणि पहिल्यांदाच कुणी त्यांचा आवाज मागत होतं. त्यांना मोह झाला. त्यांनी माइक तोंडाजवळ नेला. ओठ दातांना लागला.

"व..."

लोक थांबले.

"व... व..."

कपाळावर शीर उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने मान कलती केली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू कळवळा उतरू लागला. चंद्रकांतांनी तो पाहिला. गर्दीत त्यांचे डोळे मृणालिनीबाईंना शोधू लागले.

"आई, I'm telling them," ईशानी कुजबुजली. "They should know."

मृणालिनीबाईंनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. पदर खांद्यावरून ओढून घेतला. मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

त्या 'व'ला परके हसून झाले होते. घरचं एक माणूस तेवढं राहिलं होतं.

त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांनी हसायला तोंड उघडलं.